माज्या बाजूनं उजवं

आमचं उडायचं इमान मागं गेलं, हे खरं हाय. न्हाई कोण म्हणतंय? अख्ख्या गावानं बघितलं. पण कावून गेलं, ते गावाला इचारू नका, मला इचारा. गाव म्हणतं, विधवा बाई आत बसली म्हणून इमान उलटं गेलं. असं बोलणारांची तोंडं मी तवाच बंद केली होती, पण मी म्हातारी झाले तशी ती पुन्हा उघडायला लागलीत. तर बसा इथं. पहिल्यापासून सांगते.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. मी केसरबाई, माहेर चौसाळ्याचं, दिली केजच्या अंगाला. सासरी जमीन भरपूर अन् घरात दोघं भाऊ. थोरले मोहनराव, आमी सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचो. शब्दाचे पक्के, अन् डोक्याचे त्याहून पक्के. धाकटे शहादेवराव, माजे मालक. नवऱ्याचं नाव घ्यायची तवा चाल नव्हती. आता घेते, कोण अडवतंय.

मालकाकडं मोटार होती. एकदा मांजरा नदीच्या उतारात ती कलंडली. खालचा सांगाडा वाकला, चाकं गेली, पण इंजन मातर धडधाकट. दादासाहेब म्हणले, "ह्या इंजनावर पिठाची गिरणी टाकू." मालक म्हणले, "गिरणी कुणीबी टाकील. मी ह्याचं इमान करणार." त्याआधी ते हैदराबादला गेलते, तिथं आभाळात एक इमान बघून आलते, अन् येताना चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आलते. तवापासून माणसाचं ताटात ध्यान न्हाई. मला आधी वाटलं, काहीतरी बाहेरचं लागलंय. मग मीच त्यात गुतले.

लोकाला वाटतं, मोटारीचं इंजन उचललं अन् फळीवर ठेवलं की झालं इमान. तसं नसतंय. जड जड जे होतं ते सगळं आधी काढलं. गिअरचा पेटारा काढला, लोखंडाचं मोठं चक्र काढलं. मग मालकानं मला समजून सांगितलं, मोटारीत इंजनाला नुसतं फिरायचं असतंय, पण इमानात पंखा त्याला पुढं ओढत असतोय. ती ओढ सोसायला जाड बेरिंग पायजे, अन् ते इंजनाच्या मागल्या अंगाला, चक्राच्या बाजूला असतंय. म्हणून त्यांनी इंजन फिरवून बसवलं. मोटारीत जी बाजू मागं, ती इमानात पुढं आली, अन् हँडल मारायचं तोंड बसणाराच्या गुडघ्याकडं आलं. एवढं ध्यानात ठेवा, म्हंजे पुढचं समजंल.

पंख सागवानी पट्ट्यांचे अन् वेळूचे, वरून मांजरपाट. ते कापड गावातल्या बायांनी शिवलं, आमी वाकळ शिवतो तशी जवळ जवळ धावदोरा घालून. त्यावर साबुदाण्याची खळ चोपडली, खळीवर वार्निश. वाळल्यावर कापड असं ताठ झालं की टिचकी मारली तर वाजायचं. इमान अजून खोपीत दोरीनं बांधलेलं असायचं, अन् मालक मला त्यात बसवून दांडा हातात द्यायचे. "केसर, पोटाकडं ओढला की नाक वर. लई ओढू नको, पडशील." मी खोपीत बसल्या बसल्या डोळे मिटून आभाळ फिरून यायचे.

सगळं झालं, पंखा तेवढा राहिला, अन् त्यांना ताप आला. बघता बघता माणूस गेलं. मी लई रडले. घरच्यांना वाटलं रडून रडून गप बसंल. रडणं सरलं तशी मी खोपीत गेले अन् दांडा पुसून ठेवला. तिथंच ठरवलं की हे इमान उडणार अन् मीच उडवणार.

आता आमच्या घरातली एक रीत सांगते. थोरला दीर अन् धाकटी भावजय एकमेकांशी बोलत न्हाईत. मधी कुणीतरी लागतंय. कुणीच नसलं तर खांबाकडं बघून बोलायचं, ज्याला ऐकायचं त्यानं ऐकायचं. आमच्या मधी माजी जाऊ होती, चंद्रभागाबाई. दादासाहेब ओसरीवर, मी दाराआड, अन् ती बिचारी उंबऱ्यावर.

"तिला म्हणावं," दादासाहेब म्हणले, "इंजन गिरणीला जाईल. अन् तिनं चौसाळ्याला माहेरी जावं. लेकरूबाळ न्हाई, हितं ऱ्हाऊन करायचं काय."

"त्यांना म्हणावं," मी म्हणले, "इंजन माज्या मालकाचं हाय. अन् मी हितंच ऱ्हाणार हाय."

"म्हणावं, बाईमाणसाला इंजन कशाला?"

"म्हणावं, उडायला."

ओसरीवर चावडीची माणसं बसलेली होती. ती हसायला लागली. दादासाहेबाला ते झोंबलं, अन् झोंबलं की त्यांच्या तोंडून शब्द जायचा. म्हणले, "बरं हाय. चार माणसांदेखत सांगतो. गावाची शीव ओलांडून दावली, तर इंजन तिचं, घरात जागा तिची, पुन्हा कुणी बोलणार न्हाई. न्हाई ओलांडली, तर इंजन गिरणीला अन् ती चौसाळ्याला."

मी दाराआडून म्हणले, "कबूल." तेवढं एक जावेच्या मदतीशिवाय बोलले. जाऊ माज्याकडं अशी बघाया लागली जसं मी तिचं ताट वढून घेतलं.

पंखा करायला बंकट सुताराला बोलावलं. हात सोन्याचा, पण देवभोळा लई. पुस्तकात पंख्याचं चित्र होतं, लांबी कळाली, आकार कळाला. पीळ कोणीकडून द्यायचा, ते काय चित्र बोलून दावतंय? बंकट इमानाच्या नाकासमोर जाऊन उभा ऱ्हायला, देवळात उभा ऱ्हावा तसा. म्हणला, "बाईसाहेब, मोटारीचं हँडल मी समोरून लई बार बघितलंय. उजवं फिरतंय. देवाची प्रदक्षिणाबी उजवीच. पंखा उजवाच करायचा." मला बी पटलं. उजव्याला नको कोण म्हणतंय?

पंखा झाला तवा मी म्हणले, इमान झाडाला बांधू अन् एकदा फिरवून बघू. बंकटनं कानाला हात लावला. नवं यंत्र पूजेआधी कसं फिरवायचं? घरातबी तेच. दसरा तोंडावर आलता, दसऱ्याला हत्याराची पूजा, औताची पूजा, तशी ह्याची पूजा, अन् मग फिरवायचं. वर दसरा म्हंजे शीव ओलांडायचाच दिवस. सगळ्यांना ते लई जुळून आल्यासारखं वाटलं. मला एकटीला ते पटत न्हवतं, पण पूजेला न्हाई कसं म्हणायचं.

दसऱ्याच्या दिवशी इमान माळावर नेलं. समोर शिवेचा शेंदूर लावलेला दगड, त्याच्या पलीकडं ओढा, ओढ्यापल्याड दुसऱ्या गावाचा माळ. पूजा झाली, नारळ फुटला, झेंडूची माळ घातली. गडीमाणसं एकमेकाला आपट्याचं सोनं वाटाया लागली. मी बी एक पान घेतलं अन् दादासाहेबापुढं धरलं. दीर म्हंजे बापासारखा, वाटलं घेतील. त्यांनी तोंड फिरवलं अन् जावेला म्हणले, "तिला सांग, तिनं सोनं द्यायचं नसतंय."

पान माज्या हातातच ऱ्हायलं. मी ते पान दोऱ्यानं इमानाच्या दांड्याला बांधून टाकलं अन् आत जाऊन बसले.

अन् आता गंमत ऐका. माणसं बसली कुठं? इमानाच्या मागं. सगळी. कावून, तर सणासुदीला निघताना विधवेचं तोंड समोर नको. दादासाहेबाची खुर्ची मधोमध, आजूबाजूला पाहुणे अन् पाटील मंडळी, अन् समोर माजी पाठ. इमान पुढं पळू नये म्हणून चाकाच्या पुढं दगड लावलेले. मागं लावायची अक्कल कुणाला येणार?

मी आतूनच गुडघ्यापाशी हँडल मारलं. इंजन लागलं. मी इंजनाचा ताव वाढवला, तसं वारं माज्या पाठीकडून आलं अन् पदर उडून तोंडावर बसला. समोर पुढं धूळच धूळ. मी मनात म्हणले, वारं पाठीमागून कसं काय? तवर इमान हललं. हललं ते मागं. दगड जिथल्या तिथं, अन् आमी निघालो पाटलाच्या पंगतीवर. मागं एकच कालवा. खुर्च्या पडल्या, पागोटी पडली, एक पाहुणा तर आपट्याच्या झाडावरच चढला. मी बटण बंद केलं तवा शेपूट दादासाहेबाच्या खुर्चीला टेकलं होतं. खुर्ची रिकामी होती. दादासाहेब धुळीत उभे होते, बोडक्या डोक्यानं.

कुणी हसलं न्हाई. हसले असते तर बरं झालं असतं. सगळीकडून कुजबूज, "बघितलं? बाईचा पायगुण. नाक पुढं अन् जातंय मागं."

दादासाहेब जावेला म्हणले, "तिला म्हणावं, देवानंच निकाल दिला. उद्या इंजन काढायला माणसं येतील."

पण माज्या ध्यानात तिथंच आलतं. वारं पाठीकडून आलतं ना. म्हंजे पंखा हवा पुढं फेकत होता. इस्क्रू एकीकडं फिरवला की लाकडात शिरतो, दुसरीकडं फिरवला की भायेर येतो. आमचा इस्क्रू भायेर आलता, एवढंच. त्यात देव कुठून आला, अन् माजा पायगुण कुठून आला?

दुसऱ्या दिवशी माणसं बैलगाडी घेऊन आली. त्याआधीच मी इंजनाचा मॅग्नेट काढून कमरेला बांधला होता अन् इमानात बसले होते. मॅग्नेट न्हाई तर ठिणगी न्हाई, अन् ठिणगी न्हाई तर ते इंजन नुसतं लोखंड. माणसं पाने घेऊन भवती उभी ऱ्हायली. धाकट्या मालकिणीला हात लावून उठवायची छाती कुणाचीच होईना. शेवटी एक जण म्हणला, "बाईसाहेब, उतरा की." मी म्हणले, "उतरव." तो बैलाकडं बघाया लागला.

दादासाहेब माळावर आले न्हाईत. त्यांनी जावेला धाडलं.

"म्हणतेत, दिलेला शब्द मोडायला लाज वाटत न्हाई का."

"म्हणावं, शब्द काय होता? शीव ओलांडायची. दसऱ्यालाच ओलांडायची, असं कुठं होतं? दुसरा पंखा होऊ द्या."

ती गेली, अन् घामाघूम होऊन आली. "म्हणतेत, किती दिवस बसणार?"

"म्हणावं, पंखा होईपर्यंत."

"केसर," जाऊ म्हणली, "तुमच्या दोघांच्या मधी चालून चालून माजे पाय गेले गं." अन् पदराखालून भाकरी काढून माज्या हातात दिली. ती भाकरी कुणाचा निरोप नव्हती. तिची तिनं आणली होती.

दादासाहेबाला शब्दात खोट सापडंना. माणसं गाडी घेऊन माघारी गेली. आता अडलं होतं बंकटपाशी. मी त्याला माळावर बोलावलं अन् म्हणले, पंखा डावा कर.

"न्हाई जमायचं," तो म्हणला.

"हात दुखतोय का?"

"हात न्हाई, बाईसाहेब. माज्या घराण्यात डाव्या पिळाची वस्तू कुणी केली न्हाई. डावं फिरणारं म्हंजे मढ्याभवती फिरल्यासारखं. आधीच गाव तुमाला बोलतंय. डाव्या पंख्यात तुमी बसल्या अन् काही झालं तर ते पाप माजं."

माणूस खोटं बोलत न्हवता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. मला राग बी आला अन् त्याची माया बी आली. मी म्हणले, "बंकट, तू कुठं उभा राहून उजवं बघितलं?"

"समोर. नाकापुढं."

"अन् तू उडणार हायस का मी?"

"तुमी."

"मी कुठं बसणार?"

त्यानं आतल्या फळीकडं बोट केलं.

"चढ वर," मी म्हणले. मी उतरले अन् त्याला माज्या जागेवर बसवलं. त्याला लई अवघडल्यासारखं झालं. "ते बघ, हँडलचं तोंड तुज्या गुडघ्यापाशी आलंय. मोटारीच्या समोर उभं राहून तू ज्या तोंडाकडं बघायचास, ते हेच. मालकानं इंजन फिरवून बसवलंय. फिरव हँडल."

त्यानं फिरवलं. हँडल उजवं फिरलं. पुढं इंजनाचा आस बी त्याच्यासंगं उजवाच फिरला. बंकट वाकून बघाया लागला. मग उतरला, नाकापुढं जाऊन उभा ऱ्हायला, अन् मला म्हणला, तुमी फिरवा. मी फिरवलं. त्याच्याकडून डावं. असं त्यानं तीनदा वर-खाली केलं, तवा कुठं त्याच्या डोक्यात शिरलं.

"म्हंजे उजवंच हाय," तो म्हणला. "फकस्त हिकडून."

"हिकडूनच बघायचं, बंकट. आत जी बसली तिच्या बाजूनं. भायेर बसणाऱ्याचं काय, ते कुठूनबी डावंच दिसतंय त्यांना."

तो घरी गेला अन् त्याच दिवशी रंधा धरला. पहिला पंखा मी फोडला अन् त्यावर आंघोळीचं पाणी तापवलं. चांगलं तापलं.

ह्या वेळी पूजा न्हाई, मुहूर्त न्हाई. नवा पंखा लावला अन् आधी इमान झाडाला बांधून फिरवलं. दोर ताणला, अन् पुढं ताणला. मग रोज सकाळी मी माळावर पळवून बघायचे. शेपूट कवा उचलतंय, दांडा किती ओढायचा, ते हाताला कळू दिलं. मालकाचा आवाज कानात होताच, लई ओढू नको. एका बुधवारी वारं पडलेलं होतं. मी जावेला सांगितलं, "त्यांना म्हणावं, आज."

गाव पुन्हा लोटलं. पण मागं बसायला कुणी तयार होईना. मागची हौस दसऱ्यालाच फिटली होती. मग सगळे पुढं, दोन्ही अंगाला उभे ऱ्हायले, अन् दादासाहेब घोड्यावर, शिवेच्या दगडापाशी. झक मारत सगळ्यांना माज्या तोंडाकडं बघावं लागलं. मी पदर कानामागून घेऊन गच्च बांधला होता, कपाळ उघडं. म्हणलं, बघा आता पोटभर.

बंकटनं पंखा फिरवला. वारं समोरून आलं, तोंडावर, लई जोरात. मला रडू आलं अन् हसू बी आलं, दोन्ही एकदम. ताव वाढवला, बंकटनं दगड काढले, अन् माळ खालून पळाया लागला. शेपूट उचललं. खडखड, खडखड, अन् मग खडखड थांबली. मला वाटलं चाक निखळलं. खाली बघितलं तर चाकं होती, जमीनच न्हवती.

मी काय लई उंच गेले न्हाई. लिंबाच्या शेंड्याएवढी म्हणा. पण दादासाहेबाच्या डोक्यावरून गेले. घोडं उधळलं. खालून शेंदराचा दगड गेला, ओढा गेला, ओढ्यातल्या धुणं धुणाऱ्या बाया तोंडं वर करून बघत ऱ्हायल्या. समोर इंजनाचं पाणी उकळून वाफ याया लागली, तसं दांडा हळूच सोडला. पल्याडच्या माळावर आपटले. एक चाक गेलं, डाव्या पंखाचं टोक मोडलं, माजा हात सोलला. इंजन मातर बंद करेपर्यंत चालत होतं. मी बटण बंद केलं तवा सगळीकडं इतकं गप झालं की मला माजाच दम ऐकू याया लागला.

ओढा ओलांडून सगळ्यात आधी आले ते दादासाहेब, घोड्यावर. बाकीचे लांब मागं. जाऊ न्हवती, खांब न्हवता. ते खाली उतरले, माज्याकडं बघितलं न्हाई, घोड्याच्या मानेवर हात ठेवला अन् घोड्याकडं बघत म्हणले, "तिला इचार, लागलं का."

"घोड्याला काय माहीत," मी म्हणले. "मला इचारा."

त्यांची मान ताठ होती अन् लाल झाली होती. मला वाटलं, आता घोड्यावर बसून निघून जातील. दांड्याला बांधलेलं दसऱ्याचं ते आपट्याचं पान अजून तिथंच होतं, वाळून कडक झालेलं. मी ते सोडलं, खाली उतरले, अन् त्यांच्यापुढं धरलं.

"शीव ओलांडून आले, दादासाहेब. सोनं घ्या."

ओढ्याकडून माणसं येत होती. त्यांनी येणाऱ्या माणसांकडं बघितलं, मोडलेल्या पंखाकडं बघितलं, मग माज्याकडं बघितलं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सरळ माज्या तोंडाकडं बघितलं. अन् हात पुढं केला.

"केसरबाई," ते म्हणले, "लागलं का लई?"

"न्हाई," मी म्हणले. "गाडी धाडून द्या. इमान घरी न्यायचंय."

सोनं दिल्यावर पाया पडायची रीत हाय. मी पडले न्हाई. त्यांनी बी वाट बघितली न्हाई. वाळलेलं पान खिशात घातलं अन् गाडी सांगायला ते स्वतः गेले.